तीन सह्यांचा आक्षेप

"एकटीच?" देवकुळे सरांनी विचारलं. रात्री-अपरात्री घराबाहेर पडणाऱ्या मुलीला बापानं विचारावं, त्याच सुरात.

चैतालीच्या हातात एक पान होतं. खडकी स्टेशनामागचं कांताबाईंचं घर रस्तारुंदीत जाणार होतं. तशी नोटीस आली होती. आक्षेप घ्यायला मुदत पंधरा दिवस. त्यातले तीन सरले होते. कायद्याच्या चौथ्या वर्षाला असलेल्या चैतालीनं दहा मिनिटांत आक्षेप लिहून काढला होता. कांताबाईंची सही घ्यायची आणि कार्यालयात देऊन पोच आणायची, एवढंच उरलं होतं.

"अगं, एकट्या वकिलाचे दिवस गेले," सर म्हणाले. "डॉक्टर, आर्किटेक्ट, सगळ्यांनी मिळून काम करायचं. त्यासाठीच तर हा कोर्स काढलाय. तुम्हा तिघांच्या सह्या झाल्याशिवाय कागद बाहेर जाणार नाही."

कोर्सला चार क्रेडिट होते. चैतालीनं कागद पिशवीत ठेवला.

मग सहकार्य सुरू झालं. आर्किटेक्चरची अक्षता फीत घेऊन आली. तिनं घर दोनदा मोजलं, कारण पहिल्यांदा मांजर मध्ये आलं. डॉक्टरकी शिकणाऱ्या अभयनं भिंतीची ओल आणि कांताबाईंचा रक्तदाब तपासला, आणि दोन्ही जास्त असल्याची नोंद केली. दर खेपेला कांताबाई मंडईतला भाजीचा गाळा बंद ठेवून घरी थांबत, चहा करत. "वकिलीची पोरगी आहे ना सोबत," शेजारणींना सांगत, "मग कशाची भीती?"

अकराव्या दिवशी चैतालीनं कांताबाईंची सही घेतली आणि उरलेल्या दोघांना ग्रुपवर आठवण करून दिली. अभयनं अंगठ्याचं चित्र पाठवलं. तेराव्या दिवशी त्याची परीक्षा लागली. चौदाव्या दिवशी अक्षता म्हणाली, थांब गं, नकाशा अजून छान होईल.

पंधराव्या दिवशी चैताली कागद घेऊन कार्यालयाच्या दारापर्यंत गेली. कांताबाईंची सही होती, तिची होती. दोन जागा कोऱ्या होत्या. कायद्याला एकट्या कांताबाईंचीच सही पुरते, हे तिला ठाऊक होतं. परीक्षेत विचारलं असतं, तर कलमासकट लिहिलं असतं तिनं.

ती दारातूनच मागे फिरली.

सतराव्या दिवशी सगळ्या सह्या झाल्या. खिडकीतल्या कारकुनानं कागद उलटसुलट करून पाहिला. "सह्या भरपूर आहेत," तो म्हणाला. "मुदत परवा संपली."

सर रागावले नाहीत. "कोर्सच्या अहवालात 'आपण काय शिकलो' असं एक प्रकरण वाढवा," म्हणाले.

अहवाल चौऱ्याऐंशी पानांचा झाला. त्याला पहिला क्रमांक मिळाला. महिन्याभरानं बक्षीस समारंभ झाला, त्याला कांताबाईंना मुद्दाम बोलावलं. व्यासपीठावर अक्षतानं केलेली त्यांच्या घराची पुठ्ठ्याची प्रतिकृती ठेवली होती. खिडकीची तडकलेली काच होती, भिंतीवर नखाएवढा बाबासाहेबांचा फोटोही होता. कांताबाई वाकून बराच वेळ बघत राहिल्या.

"हुबेहूब केलंय पोरीनं," त्या म्हणाल्या.

टाळ्या झाल्या. चैताली बक्षिसाची ढाल धरून उभी होती. सरांनी माइक पुढे केला. "मावशी, सगळ्यांनी मिळून काम केलं की काय होतं, ते दोन शब्दांत सांगा मुलांना."

कांताबाईंनी पदर सावरला.

"जय भीम. साहेब म्हणतात ते खरं आहे. काल घर पाडायला आले, तेही सगळे मिळूनच आले होते. इंजिनिअर होते, वकील होते, पोलीस होते, दवाखान्याची गाडीसुद्धा होती. अर्ध्या तासात आटोपलं. कुणी कुणासाठी थांबलं नाही."