तिसरं ॲप

"याला दलाली कमी, पण त्याच्यात थोड्या पैशात जास्त शेअर घेता येतात," माझा लेक दिनकर दोन नवी ॲपं दाखवत समजावत होता.

"बायको बघताना एवढी पारख केली नव्हतीस," मी म्हणाले. याआधी वापरलेल्या दोन ॲपांवर त्याचं सगळं बुडालं, तशी सून बिचारी लेकरं घेऊन माहेरी गेली. आता उरले होते माझी पिठाची गिरण विकून आलेले पैसे, म्हणून खातं माझ्या नावावर हवं होतं.

शेवटी त्यानं कमी दलालीचं निवडलं आणि मोबाइल माझ्या तोंडापुढं डब्याला टेकवून ठेवला. खातं उघडायला पडद्यावर आलेल्या कंपनीच्या पोरीनं आधी डोळे मिचकावायला लावले. मग म्हणाली, "आजी, रोजच्या खरेदी-विक्रीत पैसे बुडू शकतात, माहीत आहे ना?"

"बुडालेला समोरच उभा आहे की."

मोबाइलमागं दिनकरनं हात जोडले. नाही म्हटलं तर हाही घर सोडून जाईल. हो म्हटलं तर दिवाळीला चूलही पेटायची नाही.

"तुमच्यावर कुणी जबरदस्ती तर करत नाही ना?"

मी पदर सावरून ताठ बसले.

"माझ्यावर जबरदस्ती करणारा अजून जन्माला यायचाय, बाई."