पणजोबांची तसबीर

"नाक अजून स्वल्प लांब कर," श्रीधरराव म्हणाले.

रूपश्रीने माऊस ओढला. पडद्यावरच्या श्रीधररावांचं नाक कणकेसारखं ताणलं गेलं. मग तिने गालफडं वर काढली, हनुवटी रुंद केली, डोक्यावर पागोटं बसवलं, ओठांवर भरघोस मिशा चढवल्या आणि सगळ्यावर जुनाट तपकिरी रंग फिरवला. शिवाजीनगरातल्या तिच्या स्टुडिओत बसल्या बसल्या श्रीधरराव स्वतःचे पणजोबा झाले.

"अण्णा, डोळे तरी बदलू द्या," ती म्हणाली. "फार तुमच्यासारखे दिसतायत. लोकांना संशय येईल."

"डोळ्यांना हात लावू नकोस. त्यांच्यासाठीच तर हा सगळा खटाटोप."

खटाटोपाचं कारण असं की, बनशंकरी भागातलं भवानीचं देऊळ पणजोबा मालोजींनी बांधलेलं, आणि नवरात्रातल्या पहिल्या आरतीचा मान त्यांच्या थोरल्या घराचा, म्हणजे श्रीधररावांचा. पण धाकट्या घरचा बसवंत दरवर्षी चारचौघांत म्हणायचा, "आमच्या घराण्याचा चेहरा तुझ्यात कुठं दिसत नाही बुवा!" लोक हसायचे. यंदा तर मान बसवंतलाच द्यावा, अशी कुजबुज पंचांतही सुरू झाली होती. मालोजींना पाहिलेलं कुणी उरलं नव्हतं, आणि त्यांचा फोटोही कुठे नव्हता.

श्रीधररावांना हे फार लागलं होतं. आपण खोटं काही करतोय, असं मात्र त्यांना मुळीच वाटत नव्हतं.

"रक्त तर खरं आहे ना?" ते म्हणाले. "फोटो तेवढा काढायचा राहून गेला होता. तो आपण काढला."

"सरी अण्णा," असं कानडीत 'बरं' म्हणत रूपश्रीने प्रिंट काढली.

घटस्थापनेच्या सकाळी तसबिरीवरचा पडदा सरला आणि सभामंडपात एकच गलका झाला. लोक एकदा तसबिरीकडे बघत, एकदा श्रीधररावांकडे. जुन्या ट्रंकेत फोटो कसा सापडला, हे त्यांनी घोकून ठेवलं होतं, पण विचारतंय कोण! शेवटी बसवंतच पुढे आला. माणूस तोंडाने फटकळ, मनाने वाईट नव्हता. आरतीचं ताट त्याने स्वतः श्रीधररावांच्या हाती दिलं.

"चुकलो मी. तुझं घर, तुझाच मान."

श्रीधररावांना भरून आलं. त्यांनी अशी खणखणीत आरती म्हटली की रस्त्यावरचे रिक्षावालेही डोकावून गेले. इतका आनंद त्यांना मुलाच्या लग्नातही झाला नव्हता.

मग ते गोजराआत्याच्या पाया पडले. वडिलांची ही नव्वदीची बहीण, त्या पिढीतली एकटीच उरलेली; आजोबा मालोजी मात्र तिच्या जन्माआधीच गेलेले. तिने तसबीर डोळे भरून पाहिली, त्यांच्या गालावरून हात फिरवला आणि त्यांचं डोकं जवळ ओढून कानात म्हणाली,

"देवीची करणी बघ, श्रीधरा! म्हैसूरच्या अनाथाश्रमातून तुला आणलं, तेव्हा वहिनीला एवढीच धास्ती होती की पोराचा चेहरा आमच्या घराण्याशी कसा जुळायचा."