बाबाने बांधलेलं वजन

विकीने वल्हं उचललं आणि बायकोच्या पाठीत घातलं. रुचिका वाळूत गुडघ्यांवर पडली.

"पोती कशी रडतखडत आणते बघ. बोल ना मामा, असं काम होतं का?"

तुळशीदास होडीत वाकला होता. त्याने मान वर केली नाही. "सातवं पोतं दे," एवढंच तो म्हणाला. लेक डोळ्यांदेखत मार खातेय आणि बाप गप्प. मढच्या किनाऱ्यावर जाळी सांधणाऱ्यांनी हे पाहिलं आणि तोंडं फिरवली.

जावयाची शिडाची होडी फार हलकी होती. जरा वारा भरला की एका कुशीवर जायची. म्हणून विकीने सासऱ्याला खाडीपलीकडच्या वर्सोव्याहून बोलावून घेतलं होतं. तळाशी नीरम घालायचं, म्हणजे वाळूच्या पोत्यांचं वजन. मग होडी ताठ राहते. पण पोती नुसती ठेवून भागत नाही, फळ्यांखाली करकचून बांधावी लागतात. नाहीतर होडी कलली की सगळी त्याच बाजूला घसरतात आणि तिला घेऊनच तळाला जातात. चाळीस वर्षं दर्यावर काढलेल्या तुळशीदासला हे कुणी शिकवायला नको होतं.

रुचिका आठवं पोतं घेऊन आली. ओठ फाटला होता. ती बापाच्या हातांकडे बघत राहिली, लहानपणी बघायची तशीच. मुलगा नाही म्हणून तुळशीदास तेव्हा तिला खाडीत न्यायचा, शिडाची दोरी तिच्या हातात द्यायचा. कोळणीने मासळी विकावी, दर्यात काय काम, म्हणून कोळीवाडा हसायला लागला, तेव्हा त्याने ते बंद केलं.

"बाबा, आता नाय ना कलंडणार?"

"नाय गं."

तिला खरं सांगून तिच्या गळ्यात पाप कशाला बांधायचं? ती वळताच त्याने सुरी काढली आणि फळ्यांखालचे दोर निम्म्याहून जास्त कापले. वरून गाठी झकास दिसत होत्या. विकी रोज दुपारी वारा धरला की एकटाच वर्सोव्याला प्यायला यायचा. उद्या अमावास्येची ओहोटी होती. खाडीच्या तोंडाशी अशी ओढ लागते, की पट्टीचा पोहणाराही परत येत नाही.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता तुळशीदास वर्सोव्याच्या किनाऱ्यावर एकटाच उभा होता. मढकडून पांढरं शीड निघालं. ओढीत आल्यावर ते कललं, आणि सावरलं नाही. आडवं झालं. मग नुसतं पाणी उरलं.

ओरडला असता तर मशीनच्या दोन होड्या लगेच सुटल्या असत्या. तुळशीदासने ओठ घट्ट मिटले. त्याला आनंद झाला, अगदी पोटातून आनंद झाला. सुटलीस पोरी, असं तो मनात म्हणाला, आणि तिला माहेरी आणायला फेरीबोटीत बसला.

मढला घराचं दार सताड उघडं होतं. आत विकी जमिनीवर बसला होता. डोकं फुटलं होतं, रक्त मानेवरून शर्टात ओघळत होतं. शेजारी वल्हं पडलं होतं.

"तुझी पोरगी, मामा!" तो किंचाळला. "झोपलो होतो तर वल्हं घातलं डोक्यात, न् होडी घेऊन पळाली तुझ्याकडे. मी बोललो, मरशील. तर म्हणते, बाबाने बांधलंय वजन, आता ती कलंडायची नाय."