लाल ठिपका

चित्र विकलं गेलं की त्याच्या पाटीवर लाल ठिपका चिकटवायचा, ही त्या कलादालनाची रीत. सूनबाईचं पहिलंच प्रदर्शन, म्हणून सासूबाईही नटूनथटून आल्या होत्या. मधल्या भिंतीवरचं भलंमोठं चित्र त्यांनी तिथेच पहिल्यांदा पाहिलं: आरामखुर्चीत गाढ झोपलेल्या त्या स्वतः, चष्मा नाकावर घसरलेला, तोंडाचा आ वासलेला. चित्रापुढे ही झुंबड! हसून हसून लोकांची मुरकुंडी वळत होती.

दुपारी "हेच घ्यायचं होतं हो, पण विकलं गेलंय," असं एक बाई हळहळत म्हणाल्या. पाटीवर ठिपका पाहून सूनबाईला आभाळ ठेंगणं झालं. ती धावतच व्यवस्थापकांकडे गेली.

"कोणी घेतलं हो?"

"कोणीच नाही," ते चक्रावले. "मी ठिपक्यांचं पाकीटसुद्धा फोडलेलं नाही अजून."

तिनं वळून पाहिलं. चित्राखालच्या बाकावर सासूबाई अगदी साळसूदपणे बसल्या होत्या. कपाळावरची ठसठशीत टिकली तेवढी गायब होती.



"बघतेस काय अशी? माझं घोरणं कुणाच्या दिवाणखान्यात टांगणार होतीस गं?"