सरांच्या भुवया

"आधी तुम्ही बसा, ताई," दादा म्हणाला.

"मी कशाला? सरांना बसू दे."

"माझं काय, मी कुठेही बसेन. बसा तुम्ही," सर म्हणाले आणि उभेच राहिले.

मलेशियन-चिनी जेवणाच्या त्या हॉटेलात भर दुपारी एकाच ऑफिसातली चौघंजण संगीतखुर्ची खेळायला आल्यासारखी गोल टेबलाभोवती उभी होती. धाकटी मनातल्या मनात दिशा मोजत होती. टेबलाच्या मधोमध काचेची फिरती चकती होती. शेजारच्या टेबलावर सगळे ती घड्याळाच्या काट्यांसारखी फिरवत होते. म्हणजे सरांच्या डाव्या हाताला बसलं की प्रत्येक पदार्थ आधी सरांकडे जाणार, मग तिच्याकडे. सर एकदाचे टेकले, तशी तिने डावीकडची खुर्ची पटकावली.

तिला वास येत नव्हता. आज अठरा दिवस झाले.

बिस्किटांत, सरबतांत घालायचे अर्क हुंगून पास-नापास करायचे, हे चौघांचं काम. बंद खोलीत शेजारीशेजारी बसून करायचं. मागच्या महिन्यात तिथे सर्दी शिरली आणि एकेक करून चौघांना आडवं करून गेली. बाकीची तिघं कामाला लागली. तीही लागली. नाक मोकळं झालं, पण वास काही परत आला नाही.

नाक गेलं म्हणजे नोकरी गेली. त्यात तिचं उमेदवारीचं वर्ष आज संपत होतं. "जेवण झाल्यावर तुझं काय ते सांगतो," असं सर सकाळी म्हणाले होते.

गोड, खारट, आंबट, कडू तिच्या जिभेला कळत होतं. मिरची झोंबत होती. बाकी सगळं जग पुठ्ठ्याचं झालं होतं. म्हणून काल तिने या हॉटेलचं मेन्यूकार्ड मिळवून कुठल्या पदार्थात काय असतं ते पाठ केलं होतं. जे पाठ नसेल त्यासाठी सरांच्या भुवया होत्या. डावी उचलली, तर नमुन्यात खोट. दोन्ही निवांत, तर पास. अठरा दिवस ती त्या भुवयांवर तगून होती.

साते आलं. काडीला टोचून भाजलेलं मटण, सोबत शेंगदाण्याची चटणी. दादाने चकती सरांकडे फिरवली. सरांनी ती थांबवलीच नाही.

"आधी धाकटीला. तरुण नाक आहे."

तिने पाठ केलेलं कार्ड आठवलं. "गवती चहा," ती म्हणाली. "मस्त उतरलाय."

भुवया निवांत. "अगदी," सर म्हणाले.

"अगदी," दादा म्हणाला.

"मला तर दारातच आला," ताई म्हणाल्या.

तेवढ्यात मालकीणबाई चहाची किटली घेऊन आल्या. "माफ करा हं, आज गवती चहा मिळालाच नाही. त्याच्याशिवाय केलंय. तुम्ही वासातली माणसं, तुमच्या लक्षात आलंच असेल."



"न यायला काय झालं!" सर म्हणाले. "पोरीची फिरकी घेत होतो."

सगळे हसले. धाकटीही हसली, पण तिला काही उलगडेना. ती पकडली गेली होती, तर सर तिला रागावले का नाहीत? दादा ठीक आहे, पण ताईंनी आयुष्यात कुणाची फिरकी घेतली नव्हती. आणि तिने अठरा दिवसांत एकही नमुना नापास केला नव्हता. पूर्वी तिच्या दहा शेऱ्यांतले चार बदलणाऱ्या सरांनी त्यातला एकही बदलला नव्हता.

लाक्साचे, म्हणजे शेवया घातलेल्या झणझणीत रश्श्याचे, वाडगे आले. सर चमचा हवेत धरून तिच्याकडे बघत राहिले, थर्मामीटरचा पारा बघावा तसे.

"काय गं, गप्प का?"

"तुम्ही सांगा ना, सर."

"छे, छे. तू सांग."

"नारळाचं दूध," ती म्हणाली. ते डोळ्यांना दिसतच होतं.

"शाब्बास!" सर म्हणाले. एवढ्याशा उत्तराला ती शाब्बासकी फार मोठी होती.

शेवटी मालकीणबाईंनी स्वतः एक झाकलेलं भांडं आणून ठेवलं. "हे आमच्याकडून. कार्डावर नाही. ओळखा पाहू!" त्यांनी झाकण काढलं आणि दोन पावलं मागे सरून गालात हसत उभ्या राहिल्या.

आत साबुदाण्याची फिकट पिवळी खीर होती. धाकटीने चमचाभर तोंडात घेतली. गोड, लोण्यासारखी. बस्स. पाठ केलेलं सगळं संपलं होतं. तिने भुवया पाहिल्या. निवांत.

"व्हॅनिला," ती म्हणाली.

सरांनी डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला. "वा! व्हॅनिलाच."

"मागून थोडं केशर," दादा म्हणाला.

"किंचितच," ताई म्हणाल्या.

मालकीणबाईंचं हसू मावळलं. त्या काही न बोलता घाईने मागे फिरल्या. शेजारचं टेबल उठलं. पलीकडचं कुटुंब आपापल्या थाळ्या उचलून दाराकडे निघालं. कुणीतरी खिडक्या उघडल्या. ही गडबड कसली ते धाकटीला कळेना. पण सर बोलू लागले होते आणि तिचे कान तिकडेच होते.

"हे बघ, गेले काही दिवस तुझा एकही अंदाज चुकलेला नाही. असं नाक माझंही कधी नव्हतं. उद्यापासून तू कायम."

तिचे डोळे भरून आले. आभार मानायला तिने तोंड उघडलं, तोच मालकीणबाई रुमालाने नाक दाबून टेबलाशी आल्या.

"अहो, डुरियन आहे ते," त्या रुमालातूनच म्हणाल्या. "त्या फळाला सडक्या कांद्यासारखी घाण येते. चवीला झकास, म्हणून मी गंमत करायला गेले. बाकीची सगळी माणसं बाहेर फुटपाथवर नेऊन बसवावी लागली मला! अकरा वर्षांत झाकण काढल्यावर नाक न धरलेली तुम्हीच पहिली."

धाकटीने सवयीने सरांच्या भुवयांकडे पाहिलं.

सर तिच्या भुवयांकडे बघत होते. ताईही. दादाही.