खिंडीतला थांबा

तीस वर्षं हैबतरावांनी रोहा-कोलाड मिनीडोर रिक्षा चालवली, पण खिंडीतल्या म्हसोबापाशी थांबल्याशिवाय एकही फेरी केली नाही. उतरायचे, गाडीभोवती सावकाश एक चक्कर मारायचे, मगच निघायचे. पॅसेंजर म्हणायचे, "लय देवभोळा हाय बाबा."

आता गाडी लेकाची, आदेशची. नवीकोरी कार. पेट्रोलचा पाइप सदोष निघाला म्हणून कंपनीने ती परत बोलावली होती. वर्कशॉपने पाइप तोच ठेवला, काम झाल्याचं स्टिकर लावलं आणि धुऊनपुसून परत दिली.

खिंड आली.

"थांबव रे," मागून हैबतराव म्हणाले.

"दादा, बसल्या जागेवरून हात जोडा की," आदेश बापाला म्हणाला.

"थांबव म्हणतो ना!"

हैबतरावांची बायको विमलबाई फूल वाहायला उतरल्या, मागोमाग आदेशही कुरकुरत उतरला. हैबतराव जुन्या सवयीने गाडीभोवती निघाले आणि पुढच्या चाकापाशी थबकले.

"लांब व्हा! आधी लांब व्हा!"

बॉनेटखालून धूर आला, मग जाळ. बघता बघता गाडीचा सांगाडा उरला. विमलबाईंनी हात जोडले. "तुमची तीस वर्षांची सेवा फळली हो. म्हसोबा पावला!"

हैबतरावांना मात्र समोर आपली मिनीडोर दिसत होती, आणि विडी विझवून त्यांना गाडी शिकवणारे उस्मानचाचा. "चढावर गाडी तापते. इथं उतरायचं, चक्कर मारायची, वास घ्यायचा. पॅसेंजर घाई करतील. त्यांना देवाचं नाव सांग, कोण काय बोलणार नाय."

"म्हसोबा नाय गो," त्यांनी डोळे पुसले. "उस्मानचाचा पावले."