ढगांचे आठ दिवस

“माझ्या धूमकेतूसाठी देवाला साकडं घालायचं न्हाय, आधीच सांगून ठेवतो. सायन्सचं काम हाय हे!”

गच्चीवर दुर्बीण चढवताना ह्यांनी मला बजावलं आणि मी मान डोलावली. उद्यमनगरातून लेथवरचं काम आटोपून आले की रोज काच घासायची, असं दीड वर्ष करून ह्यांनी त्या दुर्बिणीचा आरसा घरीच बनवला होता. तिच्यातून पहिलाच धूमकेतू बघायचा होता, आणि पुण्याहून पोस्टानं आलेल्या तक्त्याप्रमाणे तो जेमतेम पंधरवडाभर दिसणार होता. नेमके आठ दिवस आभाळ भरून राहिलं.

शेजारच्या बायडाक्का म्हणाल्या, “एवढी व्रतं करतीस, एक नारळ बोल की गं!” पण मी शब्द दिला होता. जपाला बसले तरी ढगांचं नाव काढलं नाही.

शनिवारी संध्याकाळी आभाळ लख्ख झालं. “दिसला! शेपटीसकट दिसला की!” म्हणत ह्यांनी अख्खी गल्ली गच्चीवर गोळा केली.

रविवारी पहाटे पूजेला उठले, तर हे पिशवीत नारळ घालून अनवाणीच दारात उभे.

“अहो, चपला?”

“जोतिबाला निघालोय. चालत येतो असं बोललोय त्याला.”

“आणि मला मात्र बंदी?”


“एकाच कामासाठी दोघांनी तरास द्यायचा व्हय देवाला?” असं पुटपुटत ह्यांनी हळूच कडी काढली आणि गल्ली जागी व्हायच्या आत डोंगराची वाट धरली.